टाळी कुठे पडू द्यायची नाही: मांझानारवर संगीत नाटक रचताना

लॉस एंजेलिसहून उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरच्या वर गेलं की सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी मांझानार लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं जपानशी युद्ध चालू असताना, १९ फेब्रुवारी १९४२ च्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर जपानी वंशाच्या दहा हजारांवर लोकांना इथे तारेच्या कुंपणात डांबलं होतं. अशा दहा छावण्या होत्या, लोक सुमारे १,२०,०००, आणि त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. कॅलिफोर्नियातल्या शाळांसाठी यावर गाण्यांचं नाटक रचायचं तर पहिला खड्डा चालीतच असतो.

मोह असा होतो की गुणक्री रागासारखे पाच स्वर घ्यावेत, बासरी लावावी, झालं जपानी वातावरण. पण छावणीतली तरुण पिढी इथेच जन्मलेली, रेडिओवर स्विंग, म्हणजे तेव्हाचं नाचाचं जॅझ, ऐकत वाढलेली. मांझानारमध्ये 'जाइव्ह बॉम्बर्स' नावाचा डान्स बँडसुद्धा होता. 'परकं' वाटणारं संगीत त्यांच्या तोंडी घातलं, की त्यांना परकं ठरवणाऱ्या सरकारचंच म्हणणं आपण प्रेक्षकांच्या कानात ओततो. पियानो, क्लॅरिनेट, डबल बेस आणि ब्रशने वाजवलेला ड्रम, एवढा ताफा पुरतो.

शाळेचा तास साधारण पन्नास मिनिटांचा. नाटक चाळीस मिनिटांत संपवून दहा मिनिटं प्रश्नांना ठेवायची. त्यात सहा गाणी बसतात, सातवं कोंबलं की संवाद मरतात. मुलांच्या कोरससाठी मधल्या सी पासून वरच्या डी पर्यंतच चाल फिरवावी. त्याच्या वर गेलं की शब्द फाटतात, आणि इथे शब्द ऐकू येणं हीच तर गरज आहे. तारखा, आकडे गाण्यात घालू नयेत. ते पडद्यावर दाखवावेत.

सगळ्यात ताकदीचा मजकूर आयता मिळतो. लोकांना घरं सोडायला लावणारी सरकारी नोटीस खांबाखांबावर डकवलेली असे. तिच्यात सोबत काय आणायचं याची यादी आहे: अंथरूण-पांघरूण (गादी नाही), साबण-कंगव्यासारख्या वस्तू, जास्तीचे कपडे, माणशी सुरी, काटा, चमचा, ताटली, वाडगा, कप. सामान स्वतःला उचलता येईल तेवढंच. पाळीव प्राणी चालणार नाहीत. केंद्र सरकारचा मजकूर असल्यामुळे कॉपीराइटचा अडथळा नाही. ही यादी जशीच्या तशी गाऊ द्यावी, मिनिटाला १२० मात्रांच्या आसपास, सपाट, आवाजात कंप न आणता. प्राण्यांच्या ओळीवर साथ एक मात्रा थांबवावी, त्याहून जास्त काही करू नये. गायक रडायला लागला की प्रेक्षक मोकळे होतात. लोकांच्या ध्वनिमुद्रित आठवणी मात्र अशा उचलता येत नाहीत. त्या जपणाऱ्या संग्रहालयाची आणि शक्य तिथे कुटुंबाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

खरी परीक्षा १९४३ च्या प्रश्नावलीच्या प्रसंगात. छावणीतल्या लोकांची निष्ठा तपासायला सरकारने ती भरून घेतली होती. २७ वा प्रश्न अमेरिकन सैन्यात जायला तयार आहात का, असा; २८ वा जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडण्याचा. जपानहून आलेल्या आईवडिलांना इथलं नागरिकत्व कायद्यानेच बंद होतं, म्हणजे २८ व्याला 'हो' लिहिलं तर ते कुठल्याच देशाचे उरत नव्हते. संगीतकार इथे हमखास 'हो' मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरांत, बांधतो आणि 'नाही' मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत, आणि न बोलता निकाल देऊन टाकतो. दोघांना एकच चाल द्यावी. आधी वेगवेगळी ऐकवावी, मग एकावर एक. सुरुवातीलाच दोन्ही एकदम गायलं तर मागच्या रांगेला एकही शब्द कळत नाही.

रंगमंचावर वीस बाय पंचवीस फुटांची खोली चिकटपट्टीने खऱ्या मापात आखावी आणि आठ जणांना त्यातच गाऊ द्यावं. एवढ्याच खोलीत आठ-आठ माणसं ठेवत. 'स्थलांतर', 'पुनर्वसन केंद्र' हे सरकारने वापरलेले गुळगुळीत शब्द फक्त अधिकाऱ्याच्या तोंडी.

राहिला टाळीचा प्रश्न. संगीत नाटकाला वन्समोअर देण्याची सवय आपल्याला ठाऊक आहेच. इथेही षड्जावर येऊन गाणं थांबलं की हात आपोआप वर जातात. यादीचं गाणं पंचमावर लटकत ठेवावं आणि त्याच मात्रेवर पुढच्या पात्राने बोलायला लागावं. तालमीत हे जमतं, प्रयोगात नट अर्धा श्वास थांबतो आणि टाळी घुसते. म्हणून तो संवाद वाद्यवृंदाच्या स्वरलिपीतही लिहून ठेवावा. शेवटी १९८८ ची सरकारची माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर, हे पडद्यावर, मागे संगीत न लावता. पियानोवाल्याने तोवर पेडलवरचा पाय काढलेला असावा.