दहा हंगामांची शाल: नववी पट्टी एकदाची बसली

मंडळी, बसली! काल रात्री साडेअकराला टाके बंद केले, पट्टी जेवणाच्या टेबलावर आठवीच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींची वरची कड एका रेषेत आली. दीड महिना या एका पट्टीने माझी झोप उडवली होती, म्हणून आजचं सगळं लिखाण तिच्याबद्दलच आहे.

मोजमाप तुम्हाला पाठ आहे, तरी नव्यांसाठी एका दमात सांगते. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या सेंट जॉनस्टन (आमचे लाडके ‘सेंट्स’) या फुटबॉल क्लबचे 2011-12 ते 2020-21 असे दहा हंगाम, प्रत्येक हंगामाची एक पट्टी. 33 टाके, 4 मिमीच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. लीगचा एक सामना म्हणजे चार ओळी, म्हणजे बरोबर एक सेंटिमीटर. जिंकलो तर निळा, बरोबरी झाली तर पांढरा, हरलो तर करडा. 38 सामने, 38 सेंटिमीटर. तेहतिसाव्या सामन्यानंतर लीगचे दोन भाग पडतात, वरचे सहा आणि खालचे सहा संघ वेगळे होतात, तिथे आकाशी धावदोरा. मग पट्ट्या उभ्या शिवायच्या.

आठव्या पट्टीपर्यंत सगळं सुरळीत होतं. सहाव्या पट्टीत निळी लोकर संपली, कारण 2016-17 मध्ये सेंट्सनी 17 सामने जिंकले आणि माझा हिशेब चौदा-पंधराचा होता. ऑनलाइन मागवली, तर दुकानदाराने न सांगता दुसऱ्या लॉटची पाठवली. गुंडा हातात धरला तर सारखाच वाटतो, पण विणल्यावर उन्हात फरक स्पष्ट दिसतो. फोन केला तर म्हणे, ‘एवढं कोण बघतं?’ आपण बघतो! ते दुकान माझ्यासाठी संपलं. उपाय जुनाच, दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या. एका विजयात चार ओळी असल्यामुळे ते छान जमून गेलं आणि आता मलाही जोड शोधावा लागतो. चौथ्या पट्टीचंही राहून गेलं होतं सांगायचं. 2014-15 मध्ये सेंट्सनी लीगमध्ये 34 गोल केले आणि 34 खाल्ले, तरी चौथे आले. ती पट्टी विणताना सुया जड झाल्या होत्या, कारण नुसते एक-शून्य आणि शून्य-एक. पण धुऊन वाळवल्यावर सगळ्यांत देखणी तीच दिसते. तीन रंग इतके सारखे मिसळलेत की लांबून ट्वीडचं कापड वाटतं.

आता नववी.

2019-20 चा हंगाम 13 मार्च 2020 ला थांबला तो थांबलाच. मे महिन्यात लीगने तो तिथेच संपवला. सेंट जॉनस्टनचे तेव्हा 29 सामने झाले होते. 8 विजय, 12 बरोबरी, 9 पराभव, गुण 36. हिब्जचे (एडिनबरोचा हिबर्नियन क्लब) 30 सामन्यांत 37 गुण, म्हणजे एकाने जास्त. पण सामन्यामागे गुणांची सरासरी धरली, सेंट्सची 1.24 आणि हिब्जची 1.23, आणि सेंट्स सहावे ठरले. शंभरातल्या एका भागाने! माझ्या पट्टीचं मात्र सरासरीने भागत नाही. 29 सामने म्हणजे 29 सेंटिमीटर, आणि वर नऊ सेंटिमीटरचा खड्डा.

पहिला प्रयत्न ओळी वाढवायचा. 152 ओळी 29 सामन्यांत वाटायच्या म्हणजे सामन्याला सव्वापाच. पाच ओळी केल्या की लोकर उलट्या बाजूला अडकते, म्हणून काही सामन्यांना सहा आणि काहींना चार केल्या. बारा सामने झाल्यावर हात थांबला. कुठल्या सामन्याला सहा ओळी द्यायच्या हे मी ठरवत होते! या शालीत माझं मत नको, म्हणूनच तर हा नियम केला होता. उसवलं.

दुसरा प्रयत्न, वरचा भाग नुसता पांढरा. पण पांढरा म्हणजे बरोबरी, आणि लागोपाठ नऊ बरोबऱ्या दिसायला लागल्या. उसवलं. तिसरा प्रयत्न काळ्याचा. विणून झाल्यावर दोन दिवस खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला. येता-जाता नजर जायची आणि दर वेळी पोटात खड्डा पडायचा. तो मार्च ज्यांनी घरात बंद होऊन काढला त्यांना सांगायला नको. त्या वर्षी कोणाकोणाच्या घरी काय झालं ते माहीत असताना फुटबॉलच्या नऊ सामन्यांसाठी काळी पट्टी लावायला माझं मन घेईना. तेही उसवलं. शेटलंड लोकरीची एवढी तारीफ करते मी, कारण तीन वेळा उसवूनही ती पुन्हा सुईवर चढते. दुसरी कुठलीही लोकर एव्हाना कापूस झाली असती.

मग आईचा फोन. ती सांगलीत, मी पर्थमध्ये. दर रविवारी व्हिडिओवर विणकाम समोर धरून बोलतो. मी रडगाणं गायले. ती चष्मा वर सारून पडद्याजवळ आली आणि म्हणाली, ‘अगं, सामने झालेच नाहीत ना? मग तिथे काही विणतेस कशाला? जाळी कर.’

जाळी! लोकर पुढे घ्यायची, दोन टाक्यांचा एक, लोकर पुढे, दोन टाक्यांचा एक. परतीची ओळ उलट. आपण स्वेटरच्या गळ्याला करतो तीच. वीण आहे पण आरपार दिसतं. जे सामने झाले नाहीत त्यांच्या जागी भोकं.

रंगही त्याच रात्री सापडला. शेटलंड मेंढ्यांची न रंगवलेली तांबूस तपकिरी लोकर, तिकडे तिला मूरिट म्हणतात. ती ना विजयाची, ना पराभवाची. कोणी न रंगवलेली लोकर त्या नऊ सामन्यांना शोभते.

मंडळी, कल्पना सुचणं सोपं होतं. छत्तीस ओळी जाळी विणली, धुतली, टाचण्या लावून ताणली, तर नऊ सेंटिमीटरच्या जागी तेरा! जाळी उभी पसरते हे मला माहीत असायला हवं होतं. सुया 3.25 च्या घेतल्या (बांबूच्याच, स्टीलच्या सुईवरून या लोकरीचे जाळीचे टाके घसरतात, कोणी काहीही म्हणो) आणि ओळी 26 केल्या. उंची बरोबर नऊ आली, पण दोन्ही कडा लाटांसारख्या हलायला लागल्या. त्यांना धरून ठेवायला बाजूला तीन-तीन टाके सुलट विणले. तर झालं उलटंच. सुलट वीण आखडते, 26 ओळींची जेमतेम साडेसहा सेंटिमीटर होते. कडा आखूड, मधला भाग लांब, आणि मधोमध फुगलेली पुरी. तीन दिवस तिला इस्त्रीची वाफ देत बसले होते. वाफेने पुरी बसते आणि थंड झाली की परत फुगते.

उत्तर कडेच्या टाक्यांतच होतं. मधल्या भागाला 26 ओळी हव्यात, कडेला 36. मग कडेला दहा ओळी जास्त द्यायच्या! दर काही ओळींनी फक्त कडेचे तीन टाके विणायचे, वळायचं, परत यायचं, आणि मग पूर्ण ओळ. असं प्रत्येक कडेला पाच वेळा. वळताना लोकर पुढच्या टाक्याभोवती एकदा गुंडाळून घ्या, नाहीतर तिथे छिद्र पडतं आणि ते जाळीच्या ओळीत न बसणारं, भलत्याच जागचं दिसतं. दर अडीच-तीन सेंटिमीटरला थांबून पट्टी सपाट ठेवा, हाताने ताणू नका, नुसती ठेवा. कड आत ओढली जात असेल तर पुढची वळण-ओळ एक ओळ आधी घ्या.

आणि टाके बंद करताना लक्षात आलं ते सांगते. कडेच्या त्या 36 ओळी म्हणजे नऊ सामने गुणिले चार. कडेने मोजलं तर ही पट्टी पूर्ण 38 सामन्यांची आहे. आठव्या पट्टीशी ओळीला ओळ जुळते, शिवताना एक टाकाही उरत नाही. फक्त मधली जागा रिकामी आहे. मी हे ठरवून केलं नव्हतं, हिशेबाने तिथेच आणून सोडलं. तेहतिसाव्या सामन्याचा आकाशी धावदोरा या पट्टीला नाही. तिथपर्यंत हंगाम पोचलाच नाही.

आता दहावीचं. 2020-21. लीगमध्ये 11 विजय, 12 बरोबरी, 15 पराभव, पाचवा क्रमांक. नुसती पट्टी पाहिली तर निळ्यापेक्षा करडा जास्त, आणि अनोळखी माणूस म्हणेल बेताचं वर्ष. आणि तेच वर्ष क्लबच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं! 28 फेब्रुवारीला लिव्हिंगस्टनला 1-0 हरवून लीग कप, 22 मे रोजी हिब्जला 1-0 हरवून स्कॉटिश कप. सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन बलाढ्य क्लब सोडून एकाच हंगामात दोन्ही कप घेणारा याआधीचा संघ म्हणजे 1989-90 चा अ‍ॅबरडीन. 1884 साली स्थापन झालेल्या सेंट जॉनस्टनला पहिला मोठा कप मिळायला 2014 उजाडावं लागलं होतं. सेल्टिक पार्कवर डंडी युनायटेडला 2-0 हरवून स्कॉटिश कप, गोल अँडरसन आणि मॅक्लीनचे. तेव्हाही लीगमध्ये सहावे.

आणि 2021 च्या स्कॉटिश कपची ती उपांत्यपूर्व फेरी! रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सशीच गाठ, जे त्या हंगामात लीगमध्ये एकही सामना हरले नाहीत. जादा वेळ संपत आलेला, सेंट्स एकाने मागे, कॉर्नर. आपला गोलकीपर झँडर क्लार्क पुढे धावत गेला, त्याने डोकं लावलं, चेंडू आपल्याच केनला लागून आत. मग पेनल्टीवर जिंकलो. शेजारच्या आजी, ज्या मला पहिल्यांदा मॅकडिअर्मिड पार्कवर, म्हणजे सेंट्सच्या मैदानावर, घेऊन गेल्या, त्यांनी भिंतीवर इतक्या जोरात थाप मारली की माझ्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पडलं. हे लीगच्या पट्टीत कुठेच येत नाही.

म्हणून गेल्या वेळी लिहिलं होतं की शालीच्या चारी बाजूंनी कप सामन्यांची किनार करणार. लोकर मोजूनही ठेवली होती. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलंय आणि किनार मी रद्द करतेय.

दोन्ही अंतिम सामन्यांतला एकुलता एक गोल शॉन रूनीचा, दोन्ही हेडरने, दोन्ही बत्तिसाव्या मिनिटाला. माझ्या पट्टीत टाके 33. तर बत्तिसाव्या टाक्यावर सोनेरी धाग्याने टाक्यावर टाका. पहिला टाका फेब्रुवारीतल्या अंतिम सामन्याच्या जागी, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या लीग सामन्यांच्या मधे. दुसरा अगदी वर, बंद केलेल्या कडेवर, कारण मे मधला अंतिम सामना लीग संपल्यावर झाला. 2014 चा सोनेरी टाकाही तिसऱ्या पट्टीच्या वरच्या कडेवर. बस, तीनच टाके. किनारीचा पसारा हवा कशाला?

आणि युरोप! सेंट्सचे युरोपीय स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांचे सामने होतात जुलै-ऑगस्टमध्ये, एक हंगाम संपून दुसरा सुरू होताना. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधे. म्हणजे शिवणीत! साधी शिवण न घालता तीन टाक्यांचा मूरिटचा गोफ विणत पट्ट्या जोडायच्या, आणि गोफाच्या खालच्या टोकाला त्या उन्हाळ्याचे सामने रंगात. 2013 चा गोफ बघा. ट्रॉन्डहाइमला रोझेनबोर्ग 1-0, निळा. घरी 1-1, पांढरा. मिन्स्कमध्ये 1-0, निळा. घरी 0-1, करडा, आणि पेनल्टीवर बाहेर. 2015 चा गोफ करडा आणि निळा. आर्मेनियात अलाशकर्टकडून 0-1, घरी 2-1 जिंकले आणि तरी परक्या मैदानावरच्या गोलमुळे बाहेर (एकूण गोल सारखे झाले की तेव्हा परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा). 2016 चा गोफ नुसता तपकिरी. चौथे येऊनही युरोप नाही, कारण खालच्या विभागातल्या हिब्जनी स्कॉटिश कप जिंकला आणि ती जागा त्यांना गेली. रिकामा गोफही बोलेल! आणि उजव्या बाहेरच्या कडेला 2021, इस्तंबूलमध्ये गलातासरायशी 1-1. तो पांढरा मी स्वतः पाहिलाय, टीव्हीवर, आजींच्या शेजारी बसून.

म्हणजे शिवून झालेल्या सातही शिवणी उसवायच्या. चालेल. त्या पांढऱ्या सुती दोऱ्याच्या आहेत, नखकात्रीने निघतील. गोफ 3.25 वर करायचा की 3 वर, हे ज्यांनी गोफाने पट्ट्या जोडल्यात त्यांनी कृपया सांगा. माझी भीती एवढीच की सैल झाला तर 38 सेंटिमीटरचा गोफ लटकेल. मी पहिली शिवण आज रात्री सोडते, 2011-12 आणि 2012-13 ची. मधे 2012 च्या उन्हाळ्यातला तुर्कस्तानचा एस्किशेहिरस्पोर बसायचाय, एक करडा, एक पांढरा.