कॉम्प्रेसरची दहा वर्षं

३० एप्रिल २०२२, शनिवार. आमच्या शोरूमच्या जागेचा भाडेकरार त्या रात्री संपणार होता. तो पुढे वाढवायचा नाही असं कंपनीने फेब्रुवारीतच ठरवलं होतं, आम्हाला होळीच्या तोंडावर कळलं. विदर्भात उन्हाची लाट सुरू होती. सकाळी दहालाच नागपूरच्या वर्धा रोडवर दुपट्ट्याने तोंड बांधल्याशिवाय कोणी दिसत नव्हतं. असा उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. एसी, कूलर आणि फ्रीज यांच्यावर आमच्या दुकानाचं अर्धं वर्ष निघायचं. त्या दिवशी एसीच्या भिंतीवर नुसती स्क्रूची भोकं उरली होती.

शटर वर केलं तेव्हा बाहेर रांग होती. दोन वर्षांत एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. सगळे डिस्प्ले पीससाठी आलेले. खोका नसलेले, रिमोट नसलेले, ओरखडे पडलेले, मिळतील तसे. एका गृहस्थांनी टीव्ही सोडून टीव्हीखालच्या टेबलाचा भाव विचारला, आणि तोही विकायचाच होता म्हणून मी सांगितला. मागच्या दाराशी भंगारवाला काटा लावून बसला होता. रॅक, शिड्या, छतावरून लोंबणाऱ्या पाट्या किलोवर जात होत्या. उद्घाटनाच्या वेळी आम्ही चाळीसच्या वर माणसं होतो, त्या दिवशी नऊ.

मी २००८ मध्ये इथे लागलो. बी.कॉम. झालो होतो, वय तेवीस. तेव्हा रविवारी जेवणं उरकून अख्खी कुटुंबं यायची, उमरेड-भंडाऱ्याहूनसुद्धा. आजीला खुर्ची द्यायची, लहान मुलांना कार्टून लावून द्यायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची. माझ्या पहिल्या सीनियरने मला जे शिकवलं ते मी अजून विसरलेलो नाही. दुकानात टीव्ही शोरूम मोडवर असतो, भडक दिसतो. गिऱ्हाइकाने पसंत केला की तो घरच्या मोडवर टाकून पुन्हा दाखवायचा. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर जातं, तेव्हा तोच एसी कमी पडतो. म्हणून खोली सर्वात वरच्या मजल्यावर आहे का, वर उघडी स्लॅब आहे का, पश्चिमेला खिडकी आहे का, हे विचारल्याशिवाय टन सांगायचा नाही. मला हे काम मनापासून आवडायचं. लोक ऐकायचे, आणि ऐकून घेतल्याचा त्यांना फायदा व्हायचा.

ऑनलाइनने दुकान बुडवलं असं सगळे म्हणतात. त्यात खोटं नाही. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्ट या ऑनलाइन कंपनीचा तो पहिला मोठा सेल झाला, त्यानंतरच्या दिवाळीत लोक माझ्याकडून अर्धा तास सगळं समजून घ्यायचे आणि जाताना मॉडेल नंबरचा फोटो काढून न्यायचे. पुढे ब्रँडवाल्यांनीच ऑनलाइनसाठी वेगळे मॉडेल नंबर काढले, एखादं अक्षर इकडचं तिकडे, म्हणजे भाव ताडून पाहता येऊ नये. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा उन्हाळ्यासाठी भरलेला गोडाऊन एसीने गच्च होता, आणि २०२१ चा एप्रिलसुद्धा बंदीतच गेला. दोन हंगाम सलग हातचे गेले की एवढ्या मोठ्या जागेचं भाडं आणि विजेचं बिल कुठून निघणार?

पण दुकान आतूनही पोखरलं होतं, आणि ते पोखरणाऱ्यांत मी होतो. वस्तूवर मार्जिन उरेना तसं वरून दुसऱ्याच गोष्टींचं टार्गेट येऊ लागलं. आमच्या भाषेत ‘अटॅचमेंट’. फ्रीज विकलास, ठीक आहे, त्यावर आपल्या कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे वेगळे पैसे घेऊन वाढवून दिलेली, लावलीस का? स्टॅबिलायझर? फायनान्स? सकाळच्या मीटिंगमध्ये कोणाला टन समजतो हे कोणी विचारत नसे. कोणाची अटॅचमेंट किती टक्के, एवढंच.

दुपारी एकच्या सुमारास एक काकू आल्या. गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे. हातात प्लॅस्टिकची निळी फाइल. चेहरा ओळखीचा होता, पण नाव आठवेना. त्यांनी फाइल उघडली आणि बिलावर माझी सही दिसली. ५ नोव्हेंबर २०१८. धनत्रयोदशी.

‘‘भाऊ, फ्रीज थंडच नाही करून राहिला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या नंबरवर तीन दिवसांपासून फोन लावून राहिली मी. उचलूनच नाही राहिले कोणी.’’

मग सगळं आठवलं. महाल भागातला जुना वाडा, अरुंद बोळ, आत लाकडी जिना. त्या वर्षी जुलैअखेर फ्रीजवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, आणि दिवाळीत बरेच जण मोठा फ्रीज बघत होते. काकूंनाही ३४० लिटरचा आवडला होता. त्यांच्या वर्णनावरून मला जिन्याची शंका आली, म्हणून रात्री दुकान बंद झाल्यावर मी टेप घेऊन त्यांच्या घरी गेलो. वळणावर जिना जेमतेम सत्तावीस इंच होता. मी म्हटलं, काकू, हा चढणारच नाही. २६० चा घ्या, पॅकिंग खाली काढू, वळणावर उभा करून फिरवला की जाईल. त्यांच्या यजमानांनी मला चहा पाजला. म्हणाले, ‘‘दुकानदार स्वतः लहान वस्तू घ्या म्हणतो, हे पहिल्यांदा पाहिलं.’’

दुसऱ्या दिवशी त्या बिल करायला आल्या. सणाचा दिवस, अटॅचमेंट कमी पडत होती. मी एक्स्टेंडेड वॉरंटी काढली. त्या नको म्हणाल्या. तेव्हा मी म्हटलं, ‘‘काकू, कॉम्प्रेसर गेला तर दहा-बारा हजारांना बसेल.’’ हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलंय. खरी गोष्ट अशी की त्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर ब्रँडचीच दहा वर्षांची वॉरंटी होती, खोक्यावर तसं छापलेलं होतं. काकूंनी खोका वाचला नाही, कारण आदल्या रात्री मी त्यांचा जिना मोजून आलो होतो. त्यांनी पाकिटातून पैसे काढून दिले.

आता त्या समोर बसल्या होत्या. दुकानात उरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक मी त्यांना दिली. फाइलमध्ये ब्रँडच्या मेकॅनिकचा कागद होता, आदल्या दिवशीचा. कॉम्प्रेसर ठीक, पीसीबी खराब, खर्च साडेचार हजार. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर चालवायचं काम हे सर्किट बोर्ड करतं. व्होल्टेज वरखाली झालं की आधी ते जातं, आणि ब्रँडची दहा वर्षं त्याला लागू नसतात. एक वर्ष, संपलं.

‘‘तो मेकॅनिक म्हणे, कॉम्प्रेसरची तर कंपनीचीच दहा वर्षं आहेत,’’ काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. ‘‘तुम्ही तर मला कॉम्प्रेसरसाठीच घ्यायला लावली होती नं जी?’’

मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

फाइलमधलं एक्स्टेंडेड वॉरंटीचं कार्ड उलटून मागच्या बारीक अटी वाचल्या. पीसीबी त्यात स्पष्ट लिहिलेला होता. मुदत नोव्हेंबर २०२३ पर्यंत. जी गोष्ट मी खोटी भीती घालून विकली, ती आज त्यांच्या खरोखर कामाची होती, आणि ती पाळणारं कोणी जागेवर नव्हतं. हेल्पलाइन माझ्या फोनवरून लावली. बावीस मिनिटं संगीत वाजलं आणि फोन कट झाला. मॅनेजर साहेबांकडे गेलो. ते भंगारवाल्याशी हिशेब करत होते. म्हणाले, नंबर दे आणि मोकळा हो, सिस्टिम दुपारीच बंद झालीय. त्यांचाही तो शेवटचा दिवस होता, मी त्यांना दोष देत नाही.

परत आलो तर काकू घड्याळाकडे पाहत होत्या. ‘‘ह्यांचं इन्सुलिन शेजारी ठेवलं आहे. दिवसातून दोनदा मागायला जाते. आता त्यांच्याकडेही पाहुणे आले.’’

मी म्हटलं, बोर्डाचे पैसे मी देतो. त्यांनी हात आडवा केला. ‘‘तुमचा काय संबंध? पैसे कंपनीनं घेतले होते.’’

मग मला वेगळीच गोष्ट सुचली. काही वर्षांपूर्वी दुकानाविरुद्धच्या एका तक्रारीत कागद घेऊन मी ग्राहक आयोगात दोन-तीन तारखांना गेलो होतो, तेव्हापासून थोडं माहीत होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. नागपूरचं शोरूम बंद झालं, तरी कंपनी बंद झालेली नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी काकूंना कागदावर ओळीने लिहून दिलं: मेकॅनिकला आजच बोलवा, बोर्ड बदलून घ्या, फ्रीज आधी सुरू होऊ द्या. त्याचं बिल आणि जुन्या बोर्डाची नोंद असलेला कागद जपून ठेवा. सोमवारी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपनीने ऐकलं नाही तर जिल्हा आयोग.

‘‘पण मला काय सांगितलं होतं, हे कोण मानणार?’’ त्यांनी विचारलं.

लेटरहेड खोक्यात बंद झाली होती. प्रिंटरमधून कोरा कागद घेतला आणि काउंटरवर उभ्यानेच लिहिलं. अमुक तारखेला मी या ग्राहकाला ही वॉरंटी विकली. विकताना कॉम्प्रेसरवर उत्पादकाची दहा वर्षांची वॉरंटी असल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. पीसीबी या योजनेत येतो, छापील अटींत तसं नमूद आहे, आणि मुदत शिल्लक आहे. खाली पूर्ण नाव, एम्प्लॉई कोड, मोबाइल नंबर, सही. दुसरं वाक्य लिहायला मला वेळ लागला. ते गाळलं असतं तरी काकूंची मागणी तेवढीच पक्की राहिली असती, हे मला कळत होतं. पण त्या जे विचारायला आल्या होत्या, त्याचं उत्तर तेच होतं.

बिलिंगवरचा पोरगा शेजारी उभा राहून वाचत होता. हळूच म्हणाला, ‘‘दादा, तुमचं फुल अँड फायनल अजून व्हायचं आहे नं. काऊन करून राहिले हे?’’ माझी जवळजवळ चौदा वर्षांची ग्रॅच्युइटी कंपनीकडून यायची होती. कायद्याने ती मिळायलाच हवी, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पण अडवायचं म्हटलं तर कागद कसे फिरवतात हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

काकूंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाक्यावर बोट थांबलं.

‘‘हे तेव्हाच सांगितलं असतं तर?’’

‘‘तर तुम्ही घेतली नसती.’’

‘‘अन् आता लागली असती,’’ त्या म्हणाल्या. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मागे कोणीतरी वॉशिंग मशीन ओढत नेत होतं.

मी त्यांच्यासोबत खाली ऑटोपर्यंत गेलो. ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. फाइल मांडीवर घेऊन त्या बसल्या, ऑटोवाल्याला ‘महाल’ म्हणाल्या, आणि मग पुन्हा बाहेर वाकल्या.

‘‘तुम्ही आता कुठं लागणार?’’

‘‘अजून काही ठरलं नाही, काकू.’’

‘‘तो पोरगा तुमच्या पैशांचं काहीतरी म्हणत होता, मी ऐकलं.’’ फाइलवर हात ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या सहीचा हा कागद जोडू, की राहू देऊ?’’

‘‘जोडा,’’ मी म्हटलं.