मिरजेतला माझा पहिला इंटरव्ह्यू (जीएनएम, मुलगा, इंग्लिश कच्चं)

आधीच सांगतो, मी मुलगा आहे आणि जीएनएम केलंय. हे सांगावं लागतं कारण आमच्याकडं तासगाव तालुक्यात पोरगं म्हणजे एकतर द्राक्षबाग नाहीतर पोलीस भरती नाहीतर इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षाला असताना कट्ट्यावर एकानं विचारलं जीएनएम म्हणजे काय रे, मी आपलं साध्या मनानं फुल फॉर्म सांगितला, जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, त्यानं विचारलं मिडवायफरी म्हणजे, मी म्हणलं सुईणीचं काम. झालं. पुढची तीन वर्षं सुट्टीला गावात उतरलो की "आली बघा सुईण". आता हसू येतं, तेव्हा स्टँडवरनं घरी मागच्या वाटेनं जायचो.

असो. रजिस्ट्रेशन हातात आलं आणि आठवड्यात मिरजेतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलचा फोन आला, स्टाफ नर्सच्या जागा आहेत, सोमवारी 10 वाजता या, ओरिजिनल घेऊन या. फोन ठेवला आणि पोटात गोळा. गोळा नर्सिंगचा नव्हता, इंग्लिशचा होता. वॉर्डात तीन वर्षं पोस्टिंग केलंय, व्हेन (शीर) मिळत नाही म्हणून रडणारी पोरं सांभाळलीत, पण कुणी "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणलं की माझी वाचाच जाते.

हातात 6 दिवस होते. त्यातले पहिले 3 मी वाया घालवले, म्हणजे तेव्हा वाटत होतं अभ्यास चाललाय. मोबाईलवर व्हिडिओ बघून इंग्लिशमधली उत्तरं वहीत उतरवली, माझी स्ट्रेंथ काय, वीकनेस काय, 5 वर्षांनी मी कुठं असेन वगैरे (5 वर्षांनी कुठं असेन म्हणजे काय, इथं सोमवारी कुठं असेन त्याचा पत्ता नाही), आणि ती पाठ करायला आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जायचो. जूनमध्ये शेड रिकामं असतं, नुसत्या हिरव्या जाळ्यांचे कप्पे एकावर एक, तिथं उभा राहून मोठ्यानं "आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" म्हणायचो. एकदा आण्णा मागं येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. काही बोलले नाहीत, नुसतं म्हणले "ताडपत्री कुठं ठिवलीस?" आणि घेऊन गेले.

मग माझ्या रूममेटचा फोन आला. तो जतचा, घरात कन्नड बोलतात, आता मिरजेतच दुसऱ्या हॉस्पिटलला लागलाय. तो म्हणला, लेका इंग्लिश सोड, फ्रेशरला प्रॅक्टिकल विचारतात, क्रॅश कार्ट (इमर्जन्सी औषधांची ट्रॉली), ड्रिप रेट, बायोमेडिकल वेस्ट आणि नीडल प्रिक (वापरलेली सुई आपल्यालाच टोचणं) झालं तर काय करशील. आणि बाँड (किती दिवस नोकरी सोडायची नाही ते) विचारून घे, ओरिजिनल जमा करून घेतात का ते पण विचार. मग खरी तयारी सुरू झाली.

घरातल्या बादल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, दवाखान्यातला कुठला कचरा कुठल्या रंगात ते. पिवळी म्हणजे रक्तानं भिजलेलं कापूस ड्रेसिंग, अवयव, एक्सपायरी औषधं. लाल म्हणजे आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज असलं प्लास्टिक. निळी म्हणजे काचेच्या बाटल्या, व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या). पांढरा तो न टोचणारा जाड डबा, सुया ब्लेडसाठी. आईनं लाल बादलीत धुणं भिजत घातलं तर मी ओरडलो ते कंटॅमिनेटेड प्लास्टिक आहे म्हणून, तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) लोडावर. 30 वेळा दाबायचं 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं, 5 सेंटीमीटर तरी खाली गेलं पाहिजे, घड्याळ लावून करायचो, तिसऱ्या दिवशी लोडाची शिवण उसवली. नीडल प्रिकचं तर झोपेतनं उठवलं तरी सांगितलं असतं, साबण पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, लगेच इन्चार्जला कळवायचं, पेशंटचं आणि आपलं रक्त तपासायचं, पीईपी (एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या) लागली तर होईल तितक्या लवकर, शक्यतो 2 तासात आणि कसंही करून 72 तासांच्या आत, मग 28 दिवस गोळ्या.

आज्जी खाटेवरनं सगळं ऐकायची. ती म्हणली, "आन माजी सुई कुठल्या बादलीत?" तिला रोज इन्सुलिन असतं, मीच देतो घरी असलो की. तिच्या सुयांना मी रिकामा जाड कॅन ठेवलाय झाकणाचा. तसं सांगितलं तर म्हणली, "मग येवडं पाट कशाला करायलायस, म्हायती तर हाय तुला."

मिरज का निवडलं असं विचारतील म्हणून तेही पाठ केलं होतं, 1894 ला डॉक्टर वॉन्लेसनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव, मग 1962 ला सरकारी मेडिकल कॉलेज, वगैरे वगैरे. कुणी विचारलं नाही.

सोमवारी पहाटे 5 ला उठलो. फाईल रात्रीच लावली होती, दहावी बारावीचं मार्कलिस्ट, जीएनएमची तिन्ही वर्षं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, बीएलएसचं (सीपीआर वगैरेच्या ट्रेनिंगचं) सर्टिफिकेट, हिपॅटायटिस बीच्या 3 डोसचं कार्ड (हे लय जण विसरतात), आधार, 6 फोटो, सगळ्याचे झेरॉक्स 2 सेट. बूट चुलत भावाचे, एक नंबर मोठे, पुढं कापूस घातला. तासगावातनं सांगलीची एसटी, कवठे एकंद गेलं तसं गाडीत गर्दी झाली आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टावर एका काकूंची मेथीची पिशवी, उठायची सोय नाही. सांगलीतनं मिरजेला सिटी बस. पोचलो 9 ला.

बाहेर आम्ही 14 जण, त्यात पोरं 3. समोर कोल्हापूरच्या दोघी बीएस्सी नर्सिंगवाल्या एकमेकींना इंग्लिशमध्ये प्रश्न विचारत होत्या आणि मला वाटायला लागलं आपण निघावं, आत्ता निघालो तर दुपारच्या जेवणाला घरी. नाव पुकारलं तेव्हा साडेअकरा वाजलेले, शर्ट पाठीला चिकटलेला.

आत तिघं, मेट्रन मॅडम (नर्सेसच्या प्रमुख), एक डॉक्टर, एक एचआरचे सर. एचआरनीच सुरुवात केली, टेल मी अबाउट युवरसेल्फ. माय नेम इज झालं, आय ॲम फ्रॉम तासगाव तालुका झालं, आणि हार्डवर्किंगच्या आधी काय होतं ते गेलं. कोरी पाटी. पंख्याचा आवाज येत होता नुसता. मेट्रन मॅडम म्हणल्या, "मराठीत सांग बाळा, पेशंट काय इंग्लिश बोलायचे नाहीत."

मग जरा सुटलो. त्यांनी आयव्ही कॅन्युला (शिरेत ठेवायची सलाईनची नळी) लावायची प्रोसिजर विचारली, मी धडाधड सांगितली, पेशंटची ओळख पटवायची, समजावून सांगायचं, व्हेन बघायची, टूर्निकेट, स्पिरिटनं पुसून वाळू द्यायचं, फ्लॅशबॅक आला (रक्त दिसलं) की सुई मागं, फ्लश, फिक्सेशन, तारीख वेळ लिहायची. मनात म्हणलं एकदम भारी. मॅडम म्हणल्या, "आणि हात कोण धुणार, मी?"

हात! तीन वर्षं ट्यूटर मॅडमनी ज्याच्यावरनं आमचं डोकं खाल्लं ते मी विसरलो. कान गरम झाले.

लगेच पुढचा प्रश्न, 500 एमएल सलाईन 8 तासात, मिनिटाला किती थेंब. मी मनात गुणिले 15 भागिले 480 केलं आणि म्हणलं 16. "कुठल्या सेटनं?" मी गप्प. माझ्या नोट्समध्ये 1 एमएलला 15 थेंब धरून गणितं सोडवलेली, पण वॉर्डात जे सेट वापरलेत त्याच्या पाकिटावर 20 छापलेलं असतं, हे डोळ्यासमोर आलं आणि म्हणलं, मॅडम पाकीट बघून सांगतो. त्यांनी ड्रॉवरमधनं खरंच सेट काढून दिला. 20 होतं. मग 21 थेंब. काही बोलल्या नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल याच्यात माझा पुढचा अर्धा मिनिट गेला आणि डॉक्टरांचा प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारायला लावला.

प्रश्न होता, औषध देताना कधी चूक केलीयस का?

व्हिडिओत सांगितलेलं, असं विचारलं तर गोल उत्तर द्यायचं, आय ॲम अ परफेक्शनिस्ट टाईप. पण माझ्या तोंडातनं खरंच बाहेर पडलं. सेकंड इयरला दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो, आज्जीच्या सिरिंज संपल्या म्हणून मेडिकलमधनं मीच आणल्या, आणि 4 दिवस मीच इंजेक्शन दिलं. शुगर खाली येईना, उपाशीपोटी 300 च्या वर. आई म्हणायला लागली फराळ चोरून खातीय म्हातारी, आज्जी देवाच्या शपथा घेतीय, सगळे तिच्यावर डाफरतायत, मी पण. पाचव्या दिवशी सकाळी सिरिंजचं टोपण काढताना बघितलं तर ते नारंगी. आज्जीची व्हायल 40 ची, म्हणजे 1 एमएलमध्ये 40 युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारंगी 100 ची. म्हणजे मी 20 च्या खुणेपर्यंत भरत होतो आणि तिला जात होतं 8 युनिट. नर्सिंगचा विद्यार्थी मी, सिरिंज आणणारा मी, भरणारा मी.

डॉक्टर म्हणले, "मग पुढं काय केलं? राहिलेलं भरून काढायला जास्त दिलं का?" म्हणलं नाही सर, आधी शुगर परत चेक केली, मग तिच्या डॉक्टरांना फोन करून जसं झालं तसं सांगितलं, त्यांनी नेहमीचाच डोस बरोबर सिरिंजनं चालू ठेवायला सांगितला आणि 3 दिवस शुगर लिहून पाठवायला लावली. "आणि उलटं झालं असतं तर?" म्हणजे 100 ची व्हायल आणि 40 ची सिरिंज. म्हणलं अडीच पट गेलं असतं, 20 च्या जागी 50, आज्जी राहिली नसती कदाचित. हे बोलताना आवाज जरा हलला माझा, खोटं कशाला सांगू. मॅडमनी विचारलं, "आज्जीला सांगितलंस का, तुझी चूक होती म्हणून?" म्हणलं हो. "काय म्हणाल्या?" म्हणलं, फराळाचं ताट आणा म्हणल्या.

तिघंही हसले. तिथनं पुढं मला खोलीत हवा लागायला लागली.

शेवटी मॅडम म्हणल्या आमच्याकडं बेळगाव विजापूरकडचे पेशंट लय, कन्नड येतं का? रूममेटची कृपा, मी म्हणलं थोडं येतं, एल्लि नोवु म्हणजे कुठं दुखतंय, नीरु बेकु म्हणजे पाणी पाहिजे, ऊटा आतेन्री म्हणजे जेवलात का. मॅडमनी लगेच पेशंटसारखं तोंड करून भराभर कन्नडमध्ये काहीतरी म्हणलं. त्यातलं मला एक "नोवु" सोडलं तर ढेकळं कळलं नाही. म्हणलं, नाही कळलं मॅडम, दुखतंय एवढंच समजलं, मी कन्नड येणाऱ्या कुणालातरी बोलवेन. "आणि ते येईपर्यंत?" म्हणलं बोटानं दाखवायला सांगेन आणि व्हायटल्स (नाडी, बीपी वगैरे) घेईन. तर म्हणल्या, "एदे नोवु म्हणाले मी. एदे म्हणजे छाती. हे सगळ्यात आधी शिक, जेवलात का नंतर विचार."

बाँडचं विचारलं. 1 वर्ष, ओरिजिनल बघून परत देणार, झेरॉक्स ठेवणार. पगार त्यांनी सांगितला तो मी आपला मुंडी हलवून ऐकला, घासाघीस करायची असते हे बाहेर आल्यावर आठवलं. स्टेशनजवळ वडापाव खाल्ला, बूट काढून कापूस फेकला आणि परत घातले.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. सिलेक्ट. मला आयसीयू पाहिजे होतं, मिळाला मेल मेडिकल वॉर्ड, आणि पहिला महिना नाईट. चालतंय. रूममेटला फोन करून आधी अंगाची यादी लिहून घेतली, एदे छाती, होट्टे पोट, तले डोकं, बेन्नु पाठ, तो म्हणला पेढे कधी, म्हणलं थांब की, गुडघ्याला काय म्हणतात ते सांग.

घरात पेढे वाटून झाले, कट्ट्यावरच्यांनी पण खाल्ले, सुईण म्हणतच खाल्ले. रात्री आज्जीनं हळूच विचारलं, "तू मिरजंला ऱ्हायल्यावर मला सुई कोन देनार?" कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं हे. आई म्हणली मी देईन, पण तिचे हात बघूनच कळत होतं घाबरलीय. मग मी खुर्ची ओढून बसलो, समोर टेबलावर लाल टोपणाची एक आणि नारंगीची एक अशा दोन सिरिंज ठेवल्या, शेजारी आज्जीची व्हायल, आणि म्हणलं, आई, मी मेट्रन आणि तू कँडिडेट, 20 युनिट भरून दाखव.

आई दोन्ही टोपणांकडं बघत राहिली, मग उठली आणि मोरीकडं निघाली. म्हणलं काय झालं, कुठं चाललीस?

"थांब की जरा, हात तर धुऊन येती."