अर्धा मिलिमीटर

१९६७ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा बूस्टर नाहीच. मालकांचा गुडघा बोलायला लागला, म्हणून बूस्टर बसवायचं ठरलं.

बसवायची जागा म्हणजे वैताग. ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारे पंप, अगदी खेटून, वर बॉनेट. मोठा डबा मावत नाही, म्हणून सात इंची, दोन डायफ्रॅमचा घेतला. ब्रॅकेट तीनदा कापून केलं. व्हॅक्यूमचा पाइप इंजिनच्या मॅनिफोल्डवरून, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ब्रेकच्या लाइनमधली एअर काढली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारलं, दाबून धरलं, स्टार्टर दिला. पेडल अलगद खाली गेलं. खूश झालो.

ट्रायलला पाचेक किलोमीटरवर गाडी जड झाली. मग जळका वास. मग गाडी ढकलली तरी हलेना. वीस मिनिटांनी थंड झाल्यावर आपोआप सुटली.

"दादा, कॅलिपर गेलेत," पोरगा म्हणाला. पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर जाम झालेत, असं मलाही वाटलं. गाडी जुनी असली की आपण जुन्या भागालाच आधी चोर ठरवतो. दोन्ही कॅलिपर उघडले, सील बदलले. पिस्टन आत चकचकीत. अख्खी दुपार गेली.

दुसऱ्या ट्रायललाही तेच. या वेळी पाना घेऊनच बसलो होतो. रस्त्याकडेला बॉनेट उघडलं आणि मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन-दोन आटे ढिले केले. टाकीत ब्रेक ऑइल फस्सकन वर उसळलं आणि गाडी हलकेच पुढे सरकली.

मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा बूस्टरचा रॉड लांब होता. पाय काढल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला, तरच टाकीकडचं बारीक भोक उघडतं. इथे ते झाकलेलंच. ऑइल तापून फुगतं, परतीची वाट नाही, मग ते पॅडच दाबून धरतं. थंड गाडीवर काही कळतच नाही.

रॉडच्या टोकाला मातीची गोळी लावून सिलिंडर परत आवळला, काढून पाहिला. गोळी इतकी चेपली होती की मधून लोखंड दिसत होतं. अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवून रॉड आत घेतला. बूस्टरसोबतच्या कागदावर 'रॉड सेट करून पाठवला आहे' असं छापलं होतं. सेट, पण त्यांच्या सिलिंडरला! मी लावला होता दुसरा.

बिलात कॅलिपरचे सील लावले नाहीत. मालकांना वाटलं, मी सूट दिली. खरं कारण अजून सांगितलेलं नाही.