गेलेले आटे

आमच्या गाळ्याच्या शटरवर पाटी आहे : ‘गेलेले आटे परत करून मिळतील’. पाटी लावली त्याच आठवड्यात एक डिलिव्हरीवाला पोरगा डोकावला. ‘चाचा, गेहूँ पीसते हो क्या?’ तेव्हापासून शेजारचे गाळेवाले आम्हाला चक्कीवाले म्हणतात. म्हणू देत. पाटी काही बदलली नाही, कारण ज्याच्या भोकातले आटे, म्हणजे बोल्टला धरून ठेवणारे पेच, गेलेत त्याला ती बरोबर कळते.

काम सांगायला सोपं आहे. बोल्ट नुसताच फिरतोय, आवळला जात नाही, पार्ट टाकून द्यायचा तर खर्च मोठा आहे, अशा वेळी लोक आमच्याकडे येतात. आल्याआल्या मी एकच विचारतो, ‘स्क्रू आणलाय का?’ निम्मे लोक तो फेकून आलेले असतात. भोक फक्त काय झालं ते सांगतं, कुणी केलं ते स्क्रू सांगतो.

एमआयडीसीची स्थापना १९६२ची आणि ठाण्यातली आमची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. आयटीआयमधून फिटर होऊन मी इथल्या एका कारखान्यात चिकटलो, तेव्हा पहिल्या पाळीच्या भोंग्याला रस्ता सायकलींनी भरून जायचा. पुढे तो कारखाना बंद पडला. आता तिथे काचेची इमारत आहे आणि खाली कॉफीचं दुकान. हिशेबाचे जे पैसे हातात आले त्यात एक जुनं पिलर ड्रिल घेतलं, अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि उरलेल्यात मुंबईला नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन टॅपचे, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्यारांचे, सेट आणले. दागिने मोडायची वेळ आली नाही. पण बायकोने वर्षभर ते कपाटातून काढून हाताशी ठेवले होते, हे मला फार नंतर कळलं.

पहिली गिऱ्हाइकं म्हणजे गॅरेजवाले. स्पार्क प्लगचं भोक १४ मिलिमीटरचं, पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, सव्वा मिलिमीटर. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. गरम इंजिनावर प्लग काढला किंवा तिरका बसवून पान्याने रेटला की ॲल्युमिनियम सोलून बाहेर येतं. तिथे हेलिकॉइल लागते. ही स्टेनलेस तारेची गुंडाळी. तारेचा छेद गोल नसतो, पत्त्यांतल्या चौकटसारखा असतो, म्हणून गुंडाळीला बाहेरून एक आटा आणि आतून एक. एम ८चा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा, आटा गेला की भोक ८.३चं करायचं, हेलिकॉइलचा खास टॅप फिरवायचा, गुंडाळी तोंडापासून जरा खाली बसेल एवढी आत न्यायची आणि तळाची शेंडी ठोकून तोडायची. भोक परत एम ८चं. ॲल्युमिनियमच्या भोकात ते आधीपेक्षाही दणकट होतं. गॅरेजवाल्यांना हे पटायला वेळ लागला. ‘स्प्रिंग घालून देतो’ म्हणून ते आम्हाला हसायचे.

दुसऱ्या वर्षी मी एक टॅप तोडला. एका गिऱ्हाइकाच्या प्लॅस्टिक मोल्डमध्ये, एम ५चा, बंद तळाच्या भोकात. टॅप तुटताना मोठा आवाज होत नाही. ‘टिक्’ होतं, हँडल एकदम हलकं लागतं, आणि पोटात गोळा येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस बाहेर, तेल, पुन्हा पुढे, हे मी पोरांना रोज शिकवत होतो आणि त्या दिवशी जेवायची घाई मलाच झाली होती. तुटका तुकडा स्पार्क मशीनवर जाळून काढावा लागला. बिल मी भरलं. मोल्ड एक दिवस उशिरा गेला, गिऱ्हाईक मात्र टिकलं. त्याच्या उलट, एका मोठ्या कंपनीचं काम वेळेत आणि चोख केलं, तिने पैसे नऊ महिन्यांनी दिले. धंद्यात हे दोन्ही आलंच.

२००४ला ठाणे–वाशी लोकल सुरू झाली आणि आमचा नकाशा बदलला. रबाळे, घणसोली, महापे इथल्या कारखान्यांत मशीन उचलून आणता येत नाही, आपणच जावं लागतं. पाठीवर हत्यारांची पिशवी टाकून सकाळच्या गाडीत उभं राहायचं. तिथेच मी इंच आणि मिलिमीटरचं भांडण जवळून पाहिलं. परदेशी पॅकिंग मशीनमध्ये १०-३२चे स्क्रू असतात : जाडी ४.८३ मिलिमीटर, इंचाला ३२ आटे, म्हणजे पिच ०.७९४. आपला एम ५ म्हणजे पिच ०.८. डोळ्याला जुळे भाऊ. रात्रपाळीच्या माणसाने १०-३२च्या भोकात एम ५ घातला की दोन-तीन फेरे सुरेख जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं, छान बसला. तो बसत नसतो, कापत असतो. तेव्हापासून पिच गेज, म्हणजे आटे ताडून पाहायच्या दातेरी पानांचा जुडगा, माझ्या खिशात असतो, पेनाच्या शेजारी.

आता तो रायफलचा किस्सा, जो गिऱ्हाइकं फार विचारतात.

बंदुकांचं परवानाधारक दुकान चालवणारे एक गृहस्थ गाळ्यावर आले. त्यांच्याकडे एका नेमबाजाची बोल्ट-ॲक्शन रायफल दुरुस्तीला होती. दुर्बिणीचा माउंट रिसीव्हरवर, म्हणजे रायफलच्या मधल्या पोलादी सांगाड्यावर, चार स्क्रूंनी बसतो, त्यातला पुढचा नुसता फिरत होता. मी आधीच सांगितलं, रायफल इथे आणायची नाही. शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या पाचव्या कलमाने परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही, आणि आमच्याकडे शॉप ॲक्टखेरीज कसलाही कागद नाही. ते हसले. ‘म्हणूनच माउंट आणि स्क्रू घेऊन आलोय.’ पिशवीतून दोन्ही टेबलावर ठेवले. न सांगता स्क्रू घेऊन येणारी माणसं मला आवडतात.

रिसीव्हरवरची अशी भोकं बहुधा ६-४८ची असतात : जाडी साडेतीन मिलिमीटर, इंचाला ४८ आटे. इतके बारीक का, तर रिसीव्हरची भिंत तिथे पातळ असते; चार मिलिमीटरमध्ये सातेक आटे तरी धरायला मिळतात. त्यांच्या हातातल्या स्क्रूवर मी पिच गेज लावला. ४८चं पान बसेना. ०.६चं चपखल बसलं. एम ३.५! जाडी तीच, पिच वेगळी. मूळ स्क्रू हरवल्यावर कुणीतरी डब्यातला ‘तसाच दिसणारा’ घालून लांब दांड्याच्या ॲलन कीने आवळला होता. या स्क्रूंना जोर तरी किती हवा? जेमतेम दोन न्यूटन-मीटर. छोटी की दोन बोटांत धरून फिरवली तरी पुरते. त्यात बंद भोकात तेल साचलं असेल तर स्क्रू तळाच्या तेलावर अडतो. हाताला घट्ट लागतो, पण माउंट दाबलेला नसतो.

आमची लाडकी हेलिकॉइल इथे चालणार नव्हती. गुंडाळीला भोक मोठं लागतं आणि भिंत तेवढं देत नाही. वेल्डिंगने भरून पुन्हा पाडू, असं कुणी सुचवलं तर त्याला हात जोडावेत. रिसीव्हरचं पोलाद हार्ड केलेलं असतं आणि त्याच्या पोटात स्फोटाचा दाब असतो, तिथे आच लावणं म्हणजे खेळ नाही. उरला जुना रस्ता : एक माप वर जायचं. ८-४०. जाडी ४.१७. गंमत अशी की त्याच्या ड्रिलचं माप ३.५७. म्हणजे जुने फाटके आटे साफ निघून जातात आणि कोरं पोलाद अगदी केसभरच जातं. ज्याने हे माप रूढ केलं त्याला माझा नमस्कार.

अडचण ड्रिल सरळ जाण्याची होती. अर्धवट आटे असलेल्या भोकात ड्रिल मऊ बाजूला पळतं, आणि भोक पाव मिलिमीटर सरकलं तरी दुर्बीण नळीच्या रेषेत राहत नाही. म्हणून आम्ही जिग, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा, केला. माउंटवरून भोकांची अंतरं घेतली, त्याच्या पोटाची गोलाई पोलादी पट्टीला दिली, आणि चौथ्या जागी हार्ड केलेली बुश, म्हणजे ड्रिल जाईल एवढ्या भोकाची कडी, बसवली. तीन शाबूत भोकांत स्क्रू लावले की जिग रिसीव्हरवर घट्ट बसणार आणि ड्रिल बुशमधून जाणार, हलायला जागाच नाही. मग बुश बदलायची, टॅपसाठी दुसरी. पुढचं भोक नळीच्या वर येतं, म्हणून ड्रिलवर स्टॉपर कॉलर. एक सूतही जास्त खोल जायला नको, खरं तर सुताचा विसावा भागही नको.

८-४०च्या टॅपचा सेट नागदेवीत मिळाला नाही. परदेशातून मागवला, पंधरा दिवस गेले. तोवर ईएन १९ पोलादाची पट्टी हार्ड करून आणली आणि सरावाला बसलो. पहिलं भोक थोडं आडवं गेलं. बुशमध्ये ढिलाई होती, ती बदलली. दुसरं ठीक. तिसऱ्यात आमच्या पोराने हँडल उलटं न फिरवता दीड फेरा पुढे नेलं आणि मी गाळ्यात असा ओरडलो की शेजारचा लेथवाला मशीन बंद करून आला. टॅप वाचला. आठव्या भोकानंतर मी फोन केला, ‘या घेऊन जायला.’

काम त्यांच्या दुकानात, त्यांच्याच कारागिराने केलं. मी रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढून ठेवलेला पाहिला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. स्वतःच्या जिगमध्ये दुसऱ्याचा हात चालताना पाहणं फार कठीण! पहिला टॅप, दुसरा, मग तळापर्यंत जाणारा तिसरा. कीस फुंकून काढला, भोक सॉल्व्हंटने धुतलं. माउंटचं ते एक भोक आणि डोक्याची खाच आम्ही आधीच मोठी करून दिली होती. नवा स्क्रू लांबीने तपासला, आटे धरून ठेवणारं, पण उघडता येईल असं लॉकटाइट एक थेंब, आणि टॉर्क ड्रायव्हरचा ‘टक्’. कारागीर म्हणाला, ‘झालं?’ मी म्हटलं, ‘झालं.’ चहा आला.

बिल किती लावायचं यावर घरी वाद झाला. हिशेब बायको बघते. तिचं म्हणणं, जिगचे तास, परदेशी टॅप, सरावाची पट्टी सगळं धर. मी टॅपचे अर्धेच पैसे लावले, कारण टॅप आमच्याकडेच राहिला. ती अजून ते बोलून दाखवते, आणि तिचं बरोबर आहे. त्या टॅपला नंतर एकही काम आलेलं नाही.

आता गाळा पूर्ण आमचा आहे, तिघे जण आहेत, आणि खंडेनवमीला जुन्या पिलर ड्रिललाच पहिला हार पडतो. कपाटावर श्रीखंडाचा एक मोठा रिकामा डबा आहे. त्यात गिऱ्हाइकांनी मागे ठेवलेले, आटे खाणारे स्क्रू आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. नवा पोरगा आला की मी तो डबा त्याच्यासमोर ओततो, पिच गेज देतो आणि चिठ्ठ्या न वाचता ओळखायला सांगतो. एम ३.५वाला अजून एकाही पोराला पहिल्या फटक्यात ओळखता आलेला नाही.

काल घोडबंदर रोडवरून एक बाई शिलाई मशीनचं हेड रिक्षात घालून घेऊन आल्या. सुईच्या पकडीचा स्क्रू फिरतोय म्हणाल्या. मी विचारायच्या आधीच आतून आमचा पोरगा ओरडला, ‘मावशी, स्क्रू आणलाय का?’