आमची वाटचाल : हळद, पूर आणि आमचा ब्रोकर

सांगलीत हळदीचा धंदा म्हणजे काही नवल नाही. वडील मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते, आम्ही नवरा-बायकोने हळद दळून पाकिटं भरायला सुरुवात केली, एक पल्व्हरायझर, एक सीलिंग मशीन आणि बँकेची कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज), एवढ्यावर.

विमा होता हो, बँकेनेच काढलेला. दरवर्षी खात्यातून प्रीमियम कटायचा, पॉलिसी कधीतरी पोस्टाने यायची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५, म्हणजे बघा) आणि भाड्याच्या गोडाऊनमध्ये छातीएवढं पाणी. क्लेम टाकला तर पॉलिसीवर पत्ता फक्त कारखान्याचा! दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये गोडाऊनचा माल दाखवत होतो, बँक त्यावर पैसे पण देत होती, तरी गोडाऊनचे शून्य मिळाले.

नंतर आमच्या सीएंनी विम्याचा ब्रोकर बघा म्हणून सांगितलं. मला वाटायचं एजंट काय नि ब्रोकर काय, सगळे एकच. तसं नाही, एजंट कंपनीचा माणूस, ब्रोकरने आपल्या बाजूने बघायचं असतं, लायसन्स आयआरडीएआय (विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) देते, त्यांच्या साइटवर नाव तपासता येतं, आम्ही तपासलंच. त्यांचं कमिशन विमा कंपनी देते.

एकाने फोनवरच रेट सांगितला, त्याला नको म्हणलं. दुसरे ब्रोकर स्वतः गोडाऊनवर आले, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती ती टेपने मोजली आणि विचारलं, "साहेब, सीझनला जास्तीत जास्त माल किती असतो?" फेब्रुवारी ते मे आवक, तेव्हा आमचा स्टॉक एरवीच्या दुप्पट. माल ४० लाखांचा, विमा २० चा असेल तर १० लाखांच्या नुकसानीला ५ च मिळतात हे तेव्हा समजलं. आकडा वाढवला, प्रीमियम वाढला, घरात त्यावरनं कुरकुर झाली ती वेगळी.

१ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यांना भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली, त्यातच रिन्यूअल केलं, दोन्ही पत्ते टाकून, स्टॉकला फ्लोटर घेऊन, म्हणजे माल इकडचा तिकडे हलवला तरी कव्हर राहतं.

आणि जुलैत परत पूर! पाणी चढत होतं तेव्हाच ब्रोकरचा फोन, आत्ताच कंपनीला मेल टाका, आणि पाणी उतरल्यावर सर्व्हेअर (नुकसान मोजणारा माणूस) बघेपर्यंत एक पोतं बाहेर फेकू नका. आता भिजलेल्या हळदीचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल हे काय सांगणं आहे ते, पावडरचे तर दगड झालेले. शेजारच्यांनी सगळं घाण म्हणून ट्रॉलीने टाकून दिलं आणि मग मोजायला काय दाखवणार. आम्ही पोती तशीच ठेवली, मोटरच्या नेमप्लेटचे फोटो, खरेदीची बिलं, टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप, सगळं ब्रोकरच्या माणसाने बसून लावून दिलं. खराब मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची घेतलेली वजावट) परत भरावं लागतं, ती रक्कम पण त्याने क्लेममध्ये धरायला लावली, आमच्या डोक्यातही नव्हतं.

सर्व्हेअरने साल्व्हेज (खराब मालाची उरलेली किंमत) आणि जुन्या मालावर कात्री लावलीच. ब्रोकर दोन मुद्द्यांवर भांडले, एक मान्य झाला. दिवाळीच्या आधी पैसे खात्यावर.

आता गुजरातला माल जायला लागलाय, ब्रोकर ट्रान्झिट पॉलिसीच्या (वाटेतल्या मालाच्या विम्याच्या) मागे लागलेत, ट्रान्सपोर्टवाल्याची पावती म्हणजे विमा नव्हे म्हणतात. कोटेशन आलंय, रेट जरा जास्त वाटतोय, बोलणी चालू आहेत.