फक्त बायकांचा समुद्र

परवा फोनवर मावशी म्हणाली, "एवढ्या पुढारलेल्या देशात बायकांना पोहायला वेगळी जागा कशाला लागते गं?" प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

सिडनीत कूजीच्या किनाऱ्यालगत, कड्याखालच्या खडकात बांधून काढलेला एक समुद्री तलाव आहे. मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स. १८८६ साली बांधलेला. आत फक्त बायका आणि लहान मुलं. दारात थोडे पैसे भरायचे आणि पायऱ्या उतरून खाली जायचं. समुद्राला उधाण असलं की लाटा भिंतीवरून थेट आत येतात. क्लोरीन नाही, पायाखाली खडक आणि शेवाळ. १९२२ पासून स्थानिक बायकांचा पोहण्याचा क्लब ही जागा सांभाळतो.

पाण्यात पाठीवर पडलं की कान बुडतात आणि ऑफिस, व्हिसा, घरभाडं सगळं त्या पाण्याबाहेर राहतं. पण मला खरी शांतता मिळते ती आजूबाजूच्या बायकांमुळे. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली मुलगी आणि उघड्या पाठीने ऊन खात पडलेली आजी एकाच खडकावर असतात. कुणाच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण, कुणी दिवस भरत आलेली. कुणी कुणाकडे बघत नाही. फोटो काढायचा नाही, हा नियम सगळ्या पाळतात. मला ओढणी सावरायची सवय आहे, ओढणी नसतानाही हात खांद्याकडे जातो. तिथे तो जात नाही.

एका पुरुषाने हा भेदभाव असल्याची तक्रार केली होती. तरी १९९५ मध्ये राज्य सरकारने भेदभावविरोधी कायद्यातून या जागेला सूट दिली. मला हे फार मोठं वाटतं.

आणि मावशी, पुढारलेपणाचं म्हणशील तर जवळच वायलीज बाथ्स आहेत, ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू मीना वायली हिच्या वडिलांनी १९०७ मध्ये बांधलेले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांची पोहण्याची शर्यत पहिल्यांदाच झाली. ऑस्ट्रेलियाच्याच फॅनी ड्युरॅकला सुवर्ण, मीनाला रौप्य. पण पुरुषांसमोर बायकांनी स्पर्धेत पोहायचं नाही, असा इथल्या महिला जलतरण संघटनेचाच नियम होता. तो बदलल्यावरच त्या जाऊ शकल्या. इथल्या बायकांनाही पाणी भांडूनच मिळालं.

आपल्याकडे समुद्राचं ज्ञान कमी नाही, उलट जास्तच. गुहागरला आजोबा तिथीची तीन चतुर्थांश करून भरतीची वेळ सांगत. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, घड्याळ बघायची गरज नाही. इथे माझे ऑस्ट्रेलियन सहकारी फोनवर अ‍ॅप उघडतात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहणारी माणसं आपण, समुद्राला नुसतं मौजेचं ठिकाण समजत नाही. शिवाय आपला पावसाळ्यातला समुद्र माणसं ओढून नेतो, तेव्हा घरच्यांनी घातलेला धाक उगाच नव्हता.

पण धाक भावाला पावसाळ्यापुरता होता, मला बारा महिने. तो दिवाळीच्या सुट्टीत लाटांवर आपटून घेत असायचा आणि मी काठावर त्याचे कपडे धरून उभी. त्यामुळे "समुद्र तर घरासमोरच होता, मग एवढ्या लांब कशाला गेलीस?" असं गावी कुणी विचारलं की मला वाईट वाटतं. तो घरासमोर होता, माझ्यासाठी मोकळा नव्हता. हे म्हणजे गावाला नावं ठेवणं नाही. गुहागरचा सूर्यास्त मला अजून हवा असतो. इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि शहरामागे मावळतो, त्याची सवयच होत नाही.

डिसेंबरमध्ये आई येते आहे. इथे तेव्हा उन्हाळा. जन्म किनाऱ्यावर गेला, पण तिची साडी घोट्यांच्या वर भिजलेली मी पाहिली नाही. तिच्या मापाचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला आहे. फोनवर सांगितलं तर तिने आधी विचारलं, "तिथे पुरुष नसतात ना नक्की?" आणि मग, "पाणी किती खोल असतं?"